बुरशीला साखर वाढताना



पावसाळा लागला की घरोघरी एकच तक्रार. लोणच्यावर बुरशी आली, चपलेवर आली, पुस्तकांच्या बांधणीवर आली. आपण नाक मुरडून ती पुसून टाकतो आणि विसरून जातो. मी इतिहासाचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकच्या पुस्तकापुरता, पुढे बी.ए. केले तेही मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. पण निवृत्तीनंतर वाचनाला धरबंध राहिला नाही. त्यात गेले काही महिने या बुरशीने मला धरून ठेवले आहे. कारण ती साखर कशी खाते, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नात विसाव्या शतकातले दोन मोठे उद्योग आणि असंख्य माणसांचे प्राण गुंतलेले होते. ती हकीकत आज माझ्या परीने सांगतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी बुरशीचे जेवण समजून घेऊ. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. पावावरची बुरशी भिंगातून पाहिली तर कापूस पिंजून ठेवावा तसे धागे दिसतात. हे धागे हेच तिचे सर्वस्व. आपण अन्न आधी पोटात घेतो आणि मग पचवतो. बुरशीचे उलटे आहे. ती आपले पाचकरस बाहेर सोडते, अन्न जिथल्या तिथे पचवते, आणि त्यातून सुटणारी साखर धाग्यांच्या भिंतीतून आत ओढून घेते. म्हणजे आधी पचन आणि मग भोजन! साखर बाहेर किती आहे, सोबत आणखी काय आहे, यावर ती आत किती वेगाने घ्यायची हे ठरते. आणि साखर आत कोणत्या वेगाने येते यावर ती बुरशी त्या साखरेचे काय करणार हेही बरेचसे ठरते. आपल्या गोष्टीचे मर्म एवढेच.

आता लिंबाकडे वळू. सरबताच्या पाकिटावर, जॅमच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘आम्लता नियामक (३३०)’ असे लिहिलेले असते. हे ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. वाण्याकडे आपण लिंबूसत्त्व म्हणून मागतो तेच. १७८४ साली शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे काढले. पुढच्या शतकात त्याचा उद्योग उभा राहिला तो इटलीच्या, विशेषतः सिसिली बेटाच्या, लिंबांवर. तिथे रस काढायचा, त्यात चुना घालून घट्ट साका करायचा आणि तो पिंपांतून इंग्लंड-अमेरिकेला पाठवायचा. तिकडचे कारखाने त्यापासून आम्ल तयार करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मालावर इटलीची जवळजवळ मक्तेदारी होती. लिंबू पिकले तर आम्ल, नाही पिकले तर भाव गगनाला.

१८९३ साली वेमर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की काही बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढवली तर त्या पाण्यात सायट्रिक आम्ल उतरते. लिंबाशिवाय लिंबूसत्त्व! त्याने कारखाना काढण्याचा प्रयत्नही केला, पण तो फसला. बुरशी वाढायला फार दिवस लागत, आणि तेवढ्यात त्या गोड पाण्यावर इतर जंतूंचीही पंगत बसे.

ही अडचण सोडवली जेम्स करी या अमेरिकन माणसाने. हा गृहस्थ मूळचा चीजवरच्या बुरशीचा अभ्यासक. अमेरिकेच्या कृषी खात्यात असताना त्याने ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी हाताशी धरली. ही तीच, जी आपल्या कांद्याच्या सालीवर काजळी धरल्यासारखी दिसते. १९१७ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. इतरांनी बुरशीला सोसेल एवढीच साखर द्यावी, पाणी फार आंबट होऊ देऊ नये, असा सांभाळून कारभार केला होता. करीने उलटे केले. शंभर भागांत पंधराच्या आसपास साखर, म्हणजे चांगला घट्ट पाक, आणि पाणी सुरुवातीपासूनच जहाल आंबट. त्या आंबट पाण्यात इतर जंतू तग धरीनात. काळी बुरशी मात्र मजेत. आणि एवढी साखर समोर आल्यावर ती आम्ल नुसते ओतू लागली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फायझर कंपनीने करीला आपल्याकडे घेतले. पहिल्या महायुद्धामुळे इटलीचा माल बेभरवशाचा झाला होताच. १९१९ साली ब्रुकलिनमध्ये काम सुरू झाले. उथळ ताटल्यांत साखरेचे पाणी, त्यावर बुरशीची जाड साय, अशी ताटल्यांची मांडणीवर मांडणी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इटलीची मक्तेदारी संपली.

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, पण असे पराभव नसतात. सिसिलीच्या ज्या शेतकऱ्याने नातवंडांसाठी लिंबाची बाग लावली, त्याला कोणी सांगायचे की बाबा रे, तुझी बाग समुद्रापलीकडच्या एका बुरशीने हरवली? त्याच्या लिंबात काही खोट नव्हती. आम्लाला आता त्याची गरज उरली नव्हती, एवढेच.

आता प्रश्न असा की बुरशी एवढे आम्ल बाहेर टाकते कशासाठी? याचे उत्तर हळूहळू मिळाले, आणि त्यात गंमत आहे. नुसती साखर भरपूर असून भागत नाही. सोबत काहीतरी कमीही असावे लागते. बुरशीला वाढायला नत्र लागते, लोह लागते, मँगनीजसारखे धातू अगदी नखभर लागतात. मँगनीज जराशी पुरेशी मिळाली की बुरशी धागे वाढवण्यात गुंतते आणि आम्ल घटते. ती तोडली की वाढ खुंटते, पण साखर आत येतच राहते. घरात सामानाचे गाडेच्या गाडे येऊन पडताहेत आणि बांधकामाला गवंडीच नाहीत, अशी अवस्था. मग ते अर्धवट जाळलेले सामान बाहेर टाकले जाते. तेच आपले सायट्रिक आम्ल. म्हणून तर उसाच्या मळीपासून हे आम्ल करायचे झाले तर आधी मळीतले लोहासारखे धातू काढून टाकावे लागतात. मळी बुरशीला फार ‘पौष्टिक’ पडते!

युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्विन जॉन्सन आणि त्यांचे सहकारी शू यांनी या धातूंचा हिशेब बारकाईने मांडला. एकाचे प्रमाण बदलले की दुसऱ्याचे योग्य प्रमाणही बदलते, हे त्यांनी दाखवले. हे जॉन्सन नाव लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरी बुरशी. ही निळसर हिरवी, पेनिसिलियम. १९२८ साली लंडनला फ्लेमिंगच्या बशीत ती उगवली ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण फ्लेमिंगच्या शोधापासून औषधाच्या कुपीपर्यंतची वाट किती अवघड होती, ते फारसे सांगितले जात नाही. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, त्यातल्या चौघांना पेनिसिलीन दिले. चौघे जगले, उरलेले चार मेले. मग माणसाची पाळी आली. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते देण्यात आले. चेहऱ्यावरची जखम चिघळून त्याचे सारे अंग विषारी झाले होते. औषध देताच तो सुधारू लागला. पण औषध इतके थोडे, की त्याच्या लघवीतून ते परत गाळून त्यालाच टोचावे लागे. शेवटी साठा संपला. मार्चमध्ये तो गेला.

हे वाचताना मला राहवले नाही. आमच्या घरातल्या थोरांना ठाऊक आहे, माझे मधले काका १९४३ साली गेले. पायात बाभळीचा काटा मोडला, तो पिकला, पाय सुजला, आठव्या दिवशी सारे आटोपले. वय एकोणीस. आजी पुढे आयुष्यभर बाभळीच्या झाडाकडे पाठ करून चालायची. आणि १९५९ साली, मी नऊ वर्षांचा असताना, विहिरीच्या पायरीवर पडून माझा गुडघा तसाच चिघळला. तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडरने स्टोव्हवर सुई उकळली आणि रोज एक अशी पाच दिवस पेनिसिलीनची इंजेक्शने दिली. सहाव्या दिवशी मी खेळायला पळालो. काकांच्या आणि माझ्या मध्ये सोळा वर्षे होती. त्या सोळा वर्षांत काय घडले, ते आता पुढे.

ऑक्सफर्डला बुरशी वाढवायला भांडी नव्हती. रुग्णांची बेडपॅन, चिनी मातीची चपटी भांडी, मिळेल ते वापरले. बुरशी वाढे, पण पेनिसिलीन थेंबभर. लंडनवर बाँब पडत होते, तिथे मोठा कारखाना काढणे शक्य नव्हते. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. त्यांना पिओरिया या गावी सरकारी शेतमाल प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. तिथे अँड्र्यू मॉयर नावाचा बुरशीतज्ज्ञ होता.

मॉयरने दोन बदल केले. मक्यापासून स्टार्च काढताना जे भिजवणीचे पाणी उरते, त्याचा त्या भागात सुकाळ होता. ते त्याने बुरशीच्या खाण्यात घातले. पेनिसिलीन एकदम कितीतरी पट वाढले. आणि दुसरा बदल म्हणजे, ऑक्सफर्डला वापरत होते त्या साखरेच्या जागी त्याने लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, दिली. त्यानेही उत्पादन वाढले. पुढे १९४३ साली पिओरियाच्याच बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अधिक उदार बुरशी सापडली, आणि तिचेच वंशज जगभर वापरले गेले. फायझरने ब्रुकलिनला एक जुना बर्फाचा कारखाना घेऊन त्यात साडेसात हजार गॅलनच्या चौदा टाक्या बसवल्या. १ मार्च १९४४ ला काम सुरू झाले. लिंबूसत्त्वासारख्या आम्लांसाठी बुरशी पोसण्याचा जो अनुभव पंचवीस वर्षांत गाठीला आला होता, तो इथे कामी आला. जूनमध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा जखमींसाठी पेनिसिलीन हजर होते.

पण लॅक्टोजच का? ते तर बुरशीला नीट खाताही येत नाही. आधी त्याचे दोन तुकडे करायचे, मग त्यातली साखर थोडी थोडी वापरायची. ग्लुकोज समोर असेल तर ती लॅक्टोजला हात लावणार नाही. मग जे आवडीने खाते ते दिल्यावर औषध कमी, आणि जे रडतखडत खाते त्यावर औषध जास्त, हा काय प्रकार?

याचा उलगडा करणारे प्रयोग १९५३-५४ च्या सुमारास झाले, आणि ते केले त्याच मार्विन जॉन्सन यांनी, सोल्टेरो या सहकाऱ्याबरोबर. त्यांनी लॅक्टोज बाजूला ठेवले आणि साधे ग्लुकोजच दिले, पण एकदम नाही. संथ, सतत, थोडे थोडे. आणि पेनिसिलीन लॅक्टोजइतकेच मिळाले! म्हणजे गुण लॅक्टोजचा नव्हता. गुण होता सावकाशीचा. एकदम मिळालेल्या ग्लुकोजवर बुरशी भराभर फोफावते आणि पेनिसिलीन करण्याची तिची यंत्रणा दबून राहते. साखर जेमतेम येत राहिली, वाढीचा जोर ओसरला, की मग ती औषध करू लागते. पुढे पेनिसिलीनच्या कारखान्यांतून लॅक्टोज गेले आणि टाकीत साखरेची संथ धार सोडण्याची पद्धत आली.

पाहा, एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत ही दोन्ही कामे झाली. काळ्या बुरशीला पाकात बुडवा, पण धातू तोडा. हिरवीला साखर पळी-पळीने वाढा. आपल्या मराठीत ‘वाढणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, पानात वाढणे आणि अंगाने वाढणे. या दोन्हींचा संबंध इतका जवळचा असेल असे शब्द वापरताना कधी मनात आले नव्हते.

बुरशीला हे कळते कसे, हे समजायला मात्र तिसरी बुरशी लागली. न्यूरोस्पोरा ही पावावरची नारिंगी बुरशी. बीडल आणि टेटम यांनी १९४१ साली तिच्यावरच जनुकांचे प्रसिद्ध प्रयोग केले होते. १९५८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९७० साली स्कारबरो या शास्त्रज्ञाने दाखवले की या बुरशीत ग्लुकोज आत घेण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

आपल्या जुन्या वाड्याला जसा महादरवाजा असतो आणि त्यातच एक लहान दिंडी असते, तसे हे आहे. बाहेर साखरेची रेलचेल असते तेव्हा महादरवाजा चालतो. साखर आपल्या ओघाने आत येते, बुरशीला कष्ट नाहीत. बाहेर साखर अगदी विरळ झाली की त्या दरवाजाने काही हाती लागत नाही. मग दिंडी उघडते. तिथला द्वारपाल कमालीचा तल्लख. महादरवाजाला चाहूलही लागणार नाही इतक्या विरळ पाण्यातून, शेकडो पट कमी साखर असतानाही, तो कण न् कण टिपून आत ओढतो. पण त्याला मजुरी द्यावी लागते. १९७४ साली क्लिफर्ड आणि कॅरोलिन स्लेमन या पती-पत्नींनी उपाशी बुरशीच्या धाग्यात सूक्ष्म विद्युत्अग्रे घालून ही मजुरी प्रत्यक्ष मोजली. ग्लुकोज मिळताच धाग्यातला विद्युत्दाब घसरला. बुरशी आपली शक्ती खर्चून विद्युत्भारित कण आधी बाहेर ढकलते. ते परत आत येताना साखरेला बरोबर घेऊन येतात. आणि साखर पुन्हा मुबलक झाली की दिंडी बंद. फुकट मिळत असताना मजुरी कोण देईल?

काळ्या बुरशीतही असाच, साखर भरपूर असतानाच कामाला येणारा मोठा दरवाजा १९९० च्या दशकात ओळखला गेला. करीच्या ताटल्यांत तोच सताड उघडा होता. फक्त १९१७ साली त्याला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आधी ताटली, नंतर टाकी, आणि कारण सर्वांत शेवटी. इतिहासात हा क्रम फार वेळा दिसतो.

आपल्या महाराष्ट्राचाही या गोष्टीत एक धागा आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. माझ्या गुडघ्यात गेलेले औषध पिंपरीचे होते की परदेशचे, ते सांगायला तो कंपाउंडर आता नाही. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलीनचे उत्पादन एकेक करून बंद पडत गेले. सिसिलीच्या लिंबांची गोष्ट वाचताना मला पिंपरीही आठवली, ती यामुळे. आज जगात वर्षाला वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल तयार होते, बहुतेक सारे काळ्या बुरशीकडून, आणि त्यातला मोठा वाटा चीनचा.

हे सारे एका मित्राला सांगितले तर तो म्हणाला, “म्हणजे अभावातच गुण फुलतात हेच खरे! आपल्या पिढीचे पाहा.” मला हे पटले नाही, आणि का पटले नाही ते सांगितलेच पाहिजे. माझी पहिली नोकरी १९७३ साली, दुष्काळी तालुक्यातल्या शाळेत. मुले सुकडी खाऊन वर्गात बसायची. त्यातली दोन-तीन पुढे नावारूपाला आली. सत्काराच्या भाषणात ती दुष्काळाचे आभार मानतात, टाळ्याही पडतात. पण माझ्याजवळ त्या वर्षीच्या हजेरीची आठवण आहे. दिवाळीनंतर जी मुले आलीच नाहीत, खडी फोडायच्या कामावर गेली, त्यांचे सत्कार होत नाहीत. भुकेने त्यांच्यात काही फुलवले नाही.

आणि बुरशीसुद्धा तसे म्हणत नाही. जॉन्सनने तिला उपाशी ठेवले नव्हते. साखरेची धार बारीक होती, पण ती तुटत नव्हती. धार तुटली असती तर पेनिसिलीनही थांबले असते. उलट काळ्या बुरशीकडून जे मिळते ते भरल्या ताटातूनच मिळते. अभाव चांगला की सुबत्ता चांगली, हा प्रश्नच त्या प्रयोगांत नव्हता. कोणाला काय, किती, कोणत्या वेगाने आणि कशाच्या जोडीने द्यायचे, हा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर दर बुरशीला वेगळे होते. चौतीस वर्षे एकाच घंटेवर, एकाच पुस्तकातून, साठ-साठ मुलांना एकाच मापाने वाढणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला यावर विचार करायला बरेच काही आहे. सरकारी योजना आखणाऱ्यांनाही असावे. असो.

लांबले आज. वाचकांपैकी कोणाच्या घरी १९४५ ते ६० च्या काळातल्या पेनिसिलीनच्या आठवणी असतील, तर जरूर लिहा. ते औषध तुमच्या गावी पहिल्यांदा कधी पोहोचले, कोणासाठी आणले, आणि कोणाच्या वेळी ते मिळाले नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून विचारता येईल. अशा आठवणी लवकर लिहून ठेवलेल्या बऱ्या.